विज्ञानकथेच्या खेळातील शस्त्रांना नावे कशी द्यावीत: नव्याने लिहिणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका लहान गटाबरोबर मी एका अवकाशखेळाचे (व्हिडिओ गेमचे) लेखन करत होते. माझ्याकडे आलेले पहिले काम कथेचे नव्हते, तर एकतीस ओळींचा एक तक्ता होता. प्रत्येक ओळीत शस्त्राचे चित्र, त्याचा पल्ला आणि त्याचा मारा नोंदलेला होता आणि नावाचा रकाना रिकामा होता. मी दोन रात्रींत सगळे रकाने भरून दिले. वज्रघात, कालाग्नी, प्रलयंकर, महारुद्र अशी ती नावे होती आणि कागदावर ती फार भारदस्त दिसत होती. पुढे खेळ चाचणीला गेला, तेव्हा खेळणाऱ्यांपैकी एकानेही त्यातले एखादे नाव तोंडातून काढले नाही. ते एकमेकांना ‘ती निळी दे’, ‘ठकठक करणारी कुठे पडली?’ असे विचारत होते. त्यानंतर ती यादी मी तीन वेळा मुळापासून लिहिली. त्या तीन खेपांत जे कळले ते क्रमाने मांडते, म्हणजे पहिल्यांदाच असा तक्ता हातात पडलेल्या माणसाचे काही आठवडे वाचतील.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आधीच सांगते. शस्त्राचे नाव लेखकाने ठेवलेले वाटता कामा नये. ते त्या जगातल्या कोणीतरी ठेवलेले असते: कोठारातल्या कारकुनाने, विकणाऱ्या कंपनीने, खंदकात बसलेल्या शिपायाने किंवा समोरच्या शत्रूने. तो ‘कोणीतरी’ ठरला की नाव निम्मे तयार होते.

सुरुवात करण्यापूर्वी जवळ काय असावे

- शस्त्रांचा तक्ता. त्यात निदान सहा रकाने ठेवा: आतला क्रमांक (खेळाची आज्ञावली शस्त्र ज्यावरून ओळखते तो), कागदावरचे नाव, तोंडातले नाव, शत्रूचे नाव, व्याकरणातले लिंग, आणि नाव कोणी व का ठेवले याची एक ओळ.
- खेळातल्या जगाची कालरेषा आणि त्यातल्या सैन्यांची, कंपन्यांची, टोळ्यांची यादी.
- प्रत्येक शस्त्राचा आवाज. चित्राइतकाच तो आवश्यक आहे, आणि बहुतेक वेळा लेखकाला तो शेवटी मिळतो. तो आधी मागून घ्या.
- एक चांगला जुना शब्दकोश. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश किंवा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हाताशी असला, तर विस्मरणात गेलेले कितीतरी नेमके शब्द सापडतात.
- खेळात वापरला जाणारा टंक (फॉन्ट) आणि तो प्रत्यक्ष पडद्यावर तपासण्याची सोय.

१. नाव देणारा कोण, हे ठरवा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या. २००१ साली आलेल्या ‘हेलो’ या खेळात माणसांच्या रायफलीचे नाव एमए५बी असे आहे, तर परग्रहावरील शत्रूच्या शस्त्रांची अधिकृत नावे ‘टाइप-२५’, ‘टाइप-३३’ अशी आहेत. शत्रू स्वतःच्या शस्त्राला ‘टाइप-३३’ म्हणत असेल, हे संभवतच नाही. ते नाव माणसांच्या सैन्याने पकडलेल्या शस्त्रांची नोंद करताना ठेवलेले आहे. ‘मार्गदर्शित दारूगोळा प्रक्षेपक’ अशा अर्थाचे लांबलचक वर्णन त्याला जोडलेले आहे, आणि शिपाई मात्र त्याला त्यातून सुटणाऱ्या गुलाबी सुयांवरून ‘नीडलर’ म्हणतात. एका शस्त्राच्या या दोन नावांत त्या युद्धाचे अर्धे चित्र आहे: शत्रूची भाषा कळत नाही, त्याचे तंत्र कळत नाही, म्हणून कारकून क्रमांक लावतो आणि शिपाई डोळ्यांना दिसेल ते म्हणतो.

‘टाइप’ हा शब्दही खऱ्या सैन्यांतून आला आहे. जपानी सैन्याची टाइप ९९ ही रायफल तिथल्या शाही कालगणनेच्या २५९९ या वर्षावरून, म्हणजे इ. स. १९३९ वरून ओळखली जाते. इंग्रजी वाचकाच्या कानाला ‘टाइप’ म्हटले की परकीय सैन्य आणि ‘एम’ म्हटले की अमेरिकी सैन्य, असा फरक आपोआप ऐकू येतो. ‘हेलो’च्या लेखकांनी त्या फरकाचा उपयोग करून घेतला.

याच मालिकेतल्या २०१० च्या ‘हेलो: रीच’मध्ये तीच एमए५ रायफल ‘एमए३७’ या नावाने येते, कारण तिथे ती नौदलाऐवजी भूदलाच्या हातात आहे आणि दोन्ही दलांची नोंदवही वेगळी आहे. खेळणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या हे लक्षात येत असेल. तरीही अशा तपशिलाने त्या जगाला वजन येते.

आता याच्या शेजारी तीन वेगळे नाव देणारे ठेवून पाहा. २००७ च्या ‘पोर्टल’मध्ये सगळी नावे एका प्रयोगशाळेची आहेत आणि प्रत्येक वस्तूच्या आधी ‘अ‍ॅपर्चर सायन्स’ हे शब्द लागतात. भिंतीत दार उघडणारे ते साधन कागदावर ‘अ‍ॅपर्चर सायन्स हँडहेल्ड पोर्टल डिव्हाइस’ असते. २०२४ च्या ‘हेलडायव्हर्स २’मध्ये नावे ठेवणारे एक प्रचारखोर सरकार आहे, म्हणून तिथली मुख्य रायफल ‘लिबरेटर’ म्हणजे मुक्तिदाता आणि पिस्तूल ‘पीसमेकर’ म्हणजे शांतिदूत ठरते. २०२० च्या ‘सायबरपंक २०७७’मध्ये बाजार नावे ठेवतो. तिथे ‘बजेट आर्म्स’ ही कंपनी यंत्रातून विकली जाणारी, वापरून फेकायची बंदूक ‘स्लॉट-ओ-मॅटिक’ या खेळण्यासारख्या नावाने विकते, तर अरासाका ही जपानी कंपनी आपल्या पिस्तुलाला ‘युकिमुरा’ म्हणते. तिन्ही ठिकाणी साधन हातात घेतल्याबरोबर ते कोणाकडून आले हे नावावरूनच समजते.

आमच्या खेळाचे जग लघुग्रहांवरच्या खाणींचे होते. पहिल्या यादीत मी हेच विसरले होते. खाणकामगार आपल्या अवजाराला ‘महारुद्र’ कशाला म्हणेल? २००८ च्या ‘डेड स्पेस’ने हा प्रश्न फार चांगला सोडवला आहे. त्यातला नायक अभियंता आहे आणि त्याची बहुतेक शस्त्रे मुळात खाणकामाची अवजारे आहेत. ‘२११-व्ही प्लाझ्मा कटर’, ‘आयएम-८२२ हँडहेल्ड ओअर कटर’ म्हणजे हातात धरायचे खनिज-कापक, अशी ती नावे आहेत. त्यांत युद्धाचा उल्लेखही नाही, आणि त्यामुळेच ती अवजारे जीव वाचवण्यासाठी चालवण्याची वेळ येते तेव्हा अंगावर काटा येतो.

२. कागदावरचे नाव: आधी नियम, मग आकडे

अधिकृत नावासाठी आधी क्रमांकनाची पद्धत लिहून काढा, कारण खऱ्या नावांना काही अर्थ असतो. एके-४७ मध्ये रचनाकार कलाश्निकोव्ह आणि १९४७ हे साल आहे. एमपी५ मधले ‘एमपी’ हे जर्मन ‘माशिनेनपिस्टोले’चे लघुरूप आहे. आपल्याकडची इन्सास ही ‘इंडियन स्मॉल आर्म्स सिस्टिम’ची आद्याक्षरे आहेत.

‘हेलडायव्हर्स २’ची पद्धत नवख्या लेखकाने अभ्यासावी अशी आहे. एआर-२३ ही रायफल, एसजी-२२५ ही शॉटगन, लास-९८ ही लेसर तोफ आणि प्लास-१ हे प्लाझ्माचे शस्त्र. पहिली अक्षरे वर्ग सांगतात, त्यामुळे नवे शस्त्र आले तरी ते कोणत्या प्रकारचे असेल याचा अंदाज खेळणाऱ्याला बांधता येतो. ‘हेलो’मध्ये शेवटचे अक्षर सुधारणेचे आहे. पहिल्या खेळातल्या एमए५बी मध्ये साठ गोळ्या मावत, तर २००७ च्या तिसऱ्या खेळातल्या एमए५सी मध्ये बत्तीसच मावतात. खेळाचा तोल बदलायचा होता. लेखकांनी तो बदल ‘नवा नमुना’ म्हणून नावात बसवला. ही युक्ती लक्षात ठेवा, कारण चाचणीनंतर शस्त्राचे गुण हमखास बदलतात.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे अर्थहीन अक्षरांची रास. ही सवय खेळांपेक्षा जुनी आहे. १९३४ मध्ये अमेरिकेतल्या डेझी कंपनीने मुलांसाठी काढलेल्या खेळण्यातल्या अवकाश-पिस्तुलाचे नाव ‘एक्सझेड-३१’ होते. तेव्हा ते नवे वाटले असेल. आज यादीतल्या पाच शस्त्रांच्या नावांत ‘एक्स’, ‘झेड’ आणि ‘झिरो’ आले, तर खेळणारा ती पाचही एकमेकांत मिसळतो. मोठा आकडा लावायचाच असेल, तर तो एकाच शस्त्रासाठी राखून ठेवा. १९९३ च्या ‘डूम’मध्ये इतर सगळी शस्त्रे शॉटगन, चेनगन अशी साध्या नावांची आहेत, म्हणून ‘बीएफजी ९०००’ हे नाव आणि त्यातले ‘नऊ हजार’ उठून दिसतात. ‘मोठी बंदूक’ या अर्थाच्या तीन शब्दांतला मधला शब्द शिवी आहे. १९९७ च्या ‘क्वेक २’च्या माहितीपुस्तिकेत तो सौम्य करून छापावा लागला. लघुरूप ठेवले की असा शब्द नावात लपूनही राहतो आणि कळतोही.

३. तोंडातले नाव: आवाज, आकार आणि घाई

‘हाफ-लाइफ २’ मध्ये वस्तू उचलून फेकणाऱ्या एका साधनाचे अधिकृत नाव ‘झिरो पॉइंट एनर्जी फील्ड मॅनिप्युलेटर’ आहे. २००४ पासून आजपर्यंत ते सर्वांना ‘ग्रॅव्हिटी गन’ म्हणूनच ठाऊक आहे, आणि लेखकांनीही लांब नाव नोंदीपुरते ठेवून छोटे नाव लोकांच्या हवाली केले. लांब नावाचे काम तेवढेच असते: हे साधन शास्त्रज्ञांनी बनवले आहे, हे सांगणे.

आपल्याकडच्या तोफांचीही हीच गत आहे. दौलताबादच्या किल्ल्यावरची मोठी तोफ ‘किलाशिकन’, म्हणजे किल्ला फोडणारी, या फारसी नावाची आहे. परंतु तिचा मागचा भाग मेंढ्याच्या डोक्यासारखा घडवलेला असल्याने लोक तिला ‘मेंढा तोफ’ म्हणतात आणि आज बहुतेकांना तेवढेच नाव माहीत असते. बिचवा विंचवाच्या नांगीवरून आणि वाघनख वाघाच्या पंजावरून ओळखले जाते. लोकांनी ठेवलेले नाव डोळ्यांतून किंवा कानांतून येते, आणि ते क्वचितच चार अक्षरांपेक्षा लांब असते.

नाव किती छोटे चालते, याचे उत्तर ज्यांनी नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावर ‘काँट्रा’ खेळला आहे, त्यांना विचारा. उडत येणाऱ्या डबीतून एक अक्षर पडायचे: एम, एफ, एल, आर किंवा एस. त्या ‘एस’चे पूर्ण नाव ‘स्प्रेड गन’ आहे, हे आमच्या गल्लीत कोणालाही माहीत नव्हते, पण ‘एस घे, एस घे!’ हे ओरडणे घराघरातून ऐकू यायचे. त्या एका अक्षरातून वस्तू, तिची किंमत आणि ती उचलण्याची घाई हे तिन्ही पोहोचत होते.

तोंडातले नाव ठरवण्याची माझी पद्धत अशी आहे. नाव न सांगता चार जणांना शस्त्र वापरायला द्या आणि शेजारी वही घेऊन बसा. ते एकमेकांशी बोलताना जे शब्द वापरतात ते जसेच्या तसे लिहून घ्या. आमच्या खाणीत खडक फोडणारे एक यंत्र होते, ज्याचा खिळा लागोपाठ आपटायचा. मी त्याला ‘महारुद्र’ म्हटले होते, खेळणारे त्याला ‘ठकठक’ म्हणत. ‘ठकठक’ हा शब्द नाव म्हणून टिकण्यासारखा नव्हता, पण तो ऐकल्यावर मला झाडावर चोच आपटणारा सुतारपक्षी आठवला. शेवटी कागदावर ते ‘खडकछेदक, नमुना ४ ब’ झाले, कामगारांच्या तोंडी ‘सुतार’ झाले, आणि कंपनीच्या पहारेकऱ्यांच्या तोंडी ‘ठकठक’ हेच राहिले, कारण अंधाऱ्या बोगद्यात त्यांना ते दिसण्याआधी ऐकू येते. पुढच्या चाचणीत एका मुलीने मित्राला ओरडून सांगितले, ‘सुतार संपला, मागे ये!’ त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले की यादी जिवंत झाली.

ओरडून पाहण्याची ही परीक्षा प्रत्येक नावाची घ्या. यादीतली दोन नावे एकाच अक्षराने सुरू होत असतील आणि मात्राही सारख्याच असतील, तर गोंगाटात त्यांची अदलाबदल होते. शेवट सारखा असला तरी तेच होते. ‘कालाग्नी’ आणि ‘वडवाग्नी’ ही दोन नावे मी एकाच यादीत ठेवली होती. ऐकणाऱ्याला फक्त ‘आग्नी’ ऐकू यायचे.

४. विज्ञानातले शब्द अचूक वापरा

‘गॉस गन’ आणि ‘रेलगन’ या दोन गोष्टी आहेत. पहिलीत वेटोळ्यांच्या चुंबकक्षेत्राने गोळा ओढला जातो आणि तिला गणिती कार्ल फ्रीडरिश गॉस याचे नाव आहे. दुसरीत दोन समांतर रुळांतून आणि त्यांच्यामधल्या गोळ्यातून वीजप्रवाह जातो. अमेरिकी नौदलाने रेलगनच्या खऱ्या चाचण्या केल्या आहेत आणि डिसेंबर २०१० मधली चाचणी ३३ मेगाज्यूलची होती. असे असताना चित्रात वेटोळी काढून नाव ‘रेलगन’ ठेवले, तर विज्ञान शिकलेला वाचक तिथेच अडखळतो. प्लाझ्मा, लेसर आणि कण-शलाका यांचीही सरमिसळ करू नका. १९९८ च्या ‘हाफ-लाइफ’मध्ये शस्त्रांना ‘टाऊ’ आणि ‘ग्लुऑन’ या कणांची नावे आहेत. ती शस्त्रे त्या कणांवर कशी चालतात हे तिथे फारसे सांगितलेले नाही, पण खेळ भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत घडत असल्यामुळे ती नावे तिथे शोभतात. म्हणजे पुन्हा पहिल्याच पायरीकडे यावे लागते: नाव शास्त्रज्ञाने ठेवले असेल तर कणाचे नाव चालेल, खाणकामगाराने ठेवले असेल तर चालणार नाही.

५. पुराण आणि इतिहास यांना हात लावताना

मराठी लेखकाचा हात इथे सर्वांत आधी जातो, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात, असे माझे स्वतःच्या यादीवरून झालेले मत आहे. पुराणातले नाव तेव्हाच घ्या, जेव्हा त्या नावामागची गोष्ट शस्त्राच्या कामाशी जुळते. ‘मास इफेक्ट २’मधल्या एम-९२० या संहारक शस्त्राचे नाव ‘केन’ आहे. बायबलमध्ये केन हा भावाची हत्या करणारा, पहिला खुनी. ‘डेस्टिनी’मधल्या प्रसिद्ध अग्निबाण-प्रक्षेपकाचे ‘याल्लरहॉर्न’ हे नाव नॉर्स पुराणातल्या हाइमडालच्या शिंगाचे आहे. ते शिंग मुळात शस्त्र नाहीच. जगाच्या अंतिम युद्धाची वर्दी देण्यासाठी ते फुंकले जाते. शस्त्राला शस्त्राचेच नाव द्यायला हवे असे नाही, हे मला या उदाहरणाने शिकवले. इतिहासातले नाव घेताना जबाबदारी आणखी वाढते. ‘फॉलआउट ३’मध्ये लहान अणुबाँब फेकणाऱ्या शस्त्राला ‘फॅट मॅन’ म्हटले आहे, आणि ते ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर टाकलेल्या बाँबचे नाव आहे. अणुयुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या जगाच्या खेळात त्या नावाला अर्थ आहे. दुसऱ्या एखाद्या खेळात ते नुसते धक्का देण्यासाठी वापरले, तर ते मृतांवर अन्याय करणारे ठरेल.

आपल्या परंपरेत हातात धरून चालवायचे ते शस्त्र आणि मंत्राने किंवा फेकून सोडायचे ते अस्त्र, असा भेद आहे. हातातल्या बंदुकीला ‘अमुकास्त्र’ म्हणण्यापूर्वी त्याचा विचार करा. आणि प्रत्येक मोठ्या तोफेला ‘ब्रह्मास्त्र’ म्हणणे सोडून द्या. पुराणातली नावे प्रत्यक्ष शस्त्रांनाही दिली गेली आहेत; पुण्याच्या एआरडीई या संशोधन संस्थेने विकसित केलेल्या अग्निबाण-प्रक्षेपकाचे ‘पिनाक’ हे नाव शंकराच्या धनुष्याचे आहे. त्यामुळे असे नाव वाचताच आपल्याकडच्या वाचकाला आजचे सरकारी संरक्षण खाते आठवते. तुमच्या जगात असे खाते असेल तर ते नाव शोभेल.

पुराणांपेक्षा मला जुन्या मराठी लष्करी शब्दांनी जास्त दिले. उंटावरची तोफ ती सुतरनाळ, हत्तीवरची ती गजनाळ. वाहून नेणारा प्राणी आणि ‘नाळ’ हा शब्द जोडून झालेली ही नावे म्हणजे तयार पद्धतच आहे. तिच्यावरून आम्ही ‘चुंबकनाळ’, ‘किरणनाळ’ आणि सहा पायांच्या यंत्रावर बसवलेली ‘खेकडनाळ’ अशी नावे केली, आणि ती कोणालाही समजावून सांगावी लागली नाहीत. शिवाजी महाराजांच्या राज्यव्यवहारकोशात तर एक स्वतंत्र शस्त्रवर्ग आहे. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवण्यासाठी केलेला तो कोश पाहिला, की राज्य बदलल्यावर नोंदवहीतली नावे कशी बदलतात याचे अस्सल उदाहरण हाती येते. तुमच्या खेळात सत्तांतर असेल, तर नावांतही सत्तांतर दाखवा.

६. नावे यंत्राने बनवायची असतील तर लिंग सांभाळा

काही खेळांत शस्त्रे सुट्या भागांतून यंत्रच जुळवते. २००९ च्या ‘बॉर्डरलँड्स’ची नोंद गिनेसने १ कोटी ७७ लाख ५० हजार बंदुकांसाठी घेतली होती, इतकी नावे माणूस लिहू शकत नाही. तिथे मूळ नावाला भागांच्या गुणांनुसार विशेषण लागते आणि बनवणाऱ्या कंपनीप्रमाणे शब्दांचा थाट बदलतो. दुसऱ्या भागातली लुटारूंनी बनवलेली शस्त्रे तर अशुद्ध वर्तनीत लिहिलेली आहेत.

इंग्रजीत हे सोपे आहे. मराठीत विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते, आणि ज्याने यंत्रणा लिहिली त्याला बहुधा हे माहीत नसते. ‘जळका’ हे विशेषण यंत्राने सगळीकडे लावले की ‘जळका भाला’ बरोबर येते आणि पाठोपाठ ‘जळका बंदूक’, ‘जळका यंत्र’ येतात. यावर दोन उपाय आहेत. तक्त्यात लिंगाचा रकाना ठेवून प्रत्येक विशेषणाची तीन रूपे द्या. किंवा तप्त, विषारी, वेगवान, दुहेरी, अशी न बदलणारी विशेषणेच निवडा. आम्ही दुसरा मार्ग घेतला, कारण गटात आज्ञावली लिहिणारा एकच माणूस होता.

तेवढ्याने भागत नाही. ‘तुम्ही अमुक उचलले’ या वाक्यात क्रियापदही बदलते: सुतार उचलला, चुंबकनाळ उचलली, यंत्र उचलले. नावाला प्रत्यय लागला की मूळ शब्दाचे रूपही बदलते. ‘सुतार’चे ‘सुताराने’ होते आणि ‘चुंबकनाळ’चे ‘चुंबकनाळेने’. म्हणून पडद्यावरचे संदेश असे लिहा की नाव मूळ रूपातच राहील आणि क्रियापद बदलण्याची गरज पडणार नाही, उदाहरणार्थ ‘हाती आले:’ आणि पुढे नाव. हा बदल शेवटच्या आठवड्यात करायला लागू नये, एवढ्यासाठी ही पायरी मी इतकी लांबवली आहे.

७. दुसऱ्याच्या मालकीचे नाव घेऊ नका

नाव आवडले की लगेच शोध घ्या. भारतात व्यापारचिन्हांची नोंदवही सर्वांना पाहण्यासाठी खुली आहे. तिच्यात वर्ग ९ (सॉफ्टवेअर), वर्ग १३ (बंदुका व दारूगोळा), वर्ग २८ (खेळ व खेळणी) आणि वर्ग ४१ (मनोरंजन) तपासा. विज्ञानकथेतला शब्द सर्वांच्या तोंडी असला म्हणजे तो सर्वांचा असतो, असे समजू नका. ‘लाइटसेबर’ हे लुकासफिल्मचे व्यापारचिन्ह आहे. ‘ब्लास्टर’, ‘रेलगन’, ‘प्लाझ्मा रायफल’ हे मात्र सामान्य शब्द आहेत.

खऱ्या बंदुकांच्या नावांबाबत मोठ्या कंपन्यांची भूमिका वेगळी असते. २०१३ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने बंदूक-उत्पादकांशी परवान्याचे करार करणे थांबवले, पण खेळांत खऱ्या नावांचा वापर चालू ठेवण्याचा हक्क सोडला नाही. २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयाने लष्करी ‘हम्वी’ गाडी खेळात दाखवण्यावरून झालेल्या दाव्यात खेळ काढणाऱ्या अ‍ॅक्टिव्हिजनच्या बाजूने निकाल दिला. ही उदाहरणे अमेरिकेतली आहेत आणि त्यांच्यामागे वकिलांची फौज होती. लहान गटाने त्यांच्या भरवशावर राहू नये. १९९७ च्या ‘गोल्डनआय ००७’ने खऱ्या बंदुकांची सगळी नावे बदलली होती, आणि त्यातल्या एका बंदुकीला निन्टेन्डोच्या केन लॉब (के. लॉब) यांच्या नावावरून ‘क्लॉब’ म्हटले होते. ते नाव अजून लोकांच्या लक्षात आहे.

८. पडद्यावर वाचून पाहा

खेळ बनवण्याची सगळी इंजिने देवनागरी बरोबर मांडत नाहीत. आम्ही वापरत होतो त्या रचनेत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जायची आणि जोडाक्षरे सुटी व्हायची; ‘विद्युत्स्तंभ’ हे नाव आम्ही केवळ त्यामुळे सोडले. गोडो या इंजिनाच्या चौथ्या आवृत्तीपासून हार्फबझ ही अक्षरमांडणीची यंत्रणा आत आली आहे आणि तिथे ही अडचण येत नाही. तरीही तक्त्यातले सर्वांत लांब आणि सर्वांत जास्त जोडाक्षरांचे नाव पहिल्याच आठवड्यात पडद्यावर टाकून पाहा.

खेळ परदेशी विकायचा असेल, तर रोमन लिपीतले रूपही आत्ताच ठरवा. ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’ यांतला फरक तिथे पुसला जातो, म्हणून ‘काळ’ आणि ‘काल’ ही नावे एकाच यादीत नसावीत. ‘नाळ’ हा आमचा प्रत्यय परदेशी खेळणाऱ्यांनी ‘नाल’ असाच वाचला. अर्थाला धक्का बसला नाही, म्हणून आम्ही तो तसाच ठेवला.

९. आतला क्रमांक नावापासून वेगळा ठेवा

ही शेवटची पायरी तांत्रिक आहे, पण लेखकानेच तिचा आग्रह धरावा. ‘हाफ-लाइफ’च्या आज्ञावलीत ग्लुऑन गनचे आतले नाव ‘एगॉन’ आहे आणि पुढच्या भागात ग्रॅव्हिटी गनचे आतले नाव ‘फिजकॅनन’ आहे. बाहेरचे नाव बदलत गेले तरी आतले नाव तसेच राहिले, आणि तसेच राहायला हवे, कारण खेळणाऱ्यांनी जतन केलेले डाव त्या आतल्या नावावर अवलंबून असतात. आम्ही पहिल्या यादीतली नावेच आत वापरली होती. नावे बदलताना आतली नावेही बदलली, आणि चाचणीतले सगळे जतन केलेले डाव एका दिवसात उघडेनासे झाले. तेव्हा आत ‘शस्त्र_०७’ एवढेच लिहा, तो क्रमांक पुन्हा दुसऱ्या शस्त्राला देऊ नका, आणि शस्त्र खेळातून काढून टाकले तरी तक्त्यातली त्याची ओळ पुसू नका. तिच्यापुढे काढल्याची तारीख आणि कारण लिहून ठेवा.